वेळेच्या नोंदींचें दप्तर व त्याचा वेग

शेतीचा व्यवहार हा मूळचाच वेळेचा व्यवहार आहे. पाऊस किती पडला याइतकेंच तो केव्हां पडला यास महत्त्व असतें. आणि दिवसाचा सरासरी भाव काय होता यापेक्षां आपला ढीग लिलावास निघाला त्या घटकेस भाव काय होता, हें शेतकऱ्यास अधिक जाणावेंसें वाटतें. ज्या नोंदींच्या अंगास वेळ चिकटलेली असते व ज्या एकामागून एक येतच राहतात, त्यांच्या रांगेस कालमालिका म्हणतात. अशा मालिका संगणकांत कशा सांठवाव्या, त्यांस विचारणा कशी करावी, व उत्तर त्वरित कसें मिळवावें, याचें एक स्वतंत्र शास्त्र झालें आहे. त्याचा परिचय या पाठांत करून द्यावयाचा आहे. विषय नवा असला, तरी ज्यानें रोजकीर्द व खतावणी यांतील भेद एकदां जाणला आहे, त्यास तो अवघड जाऊं नये.

एक जुनी चूक

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. एका तालुक्याच्या कचेरींत पावसाची नोंदवही माझ्याकडे होती. सकाळीं साडेआठ वाजतां मोजलेला पाऊस कळविला जाई, व त्या तारखेच्या पानावर तालुक्यांतील सर्व मंडळांचे आंकडे एकाखालीं एक लिहिले जात. एके दिवशीं एक शेतकरी गृहस्थ आले. त्यांस आपल्या एका मंडळाचा मागील दहा वर्षांचा, जून ते सप्टेंबरचा दिवसवार पाऊस एका अर्जास जोडण्यासाठीं हवा होता. चार महिन्यांचे दिवस १२२. दहा वर्षांचे १,२२०. म्हणजे १,२२० पानें उलटावयाचीं व प्रत्येकावरून एकच आंकडा उतरून घ्यावयाचा. इतर कामें सांभाळून मला तीन दिवस लागले. उतारा तयार झाला तेव्हां अर्जाची मुदत संपून एक दिवस झाला होता. ते गृहस्थ रागावले नाहींत. "भाऊसाहेब, नोंद तर होती ना?" एवढेंच म्हणाले, आणि गेले.

नोंद होती, ती बिनचूक होती, आणि तरीहि तिचा उपयोग झाला नाहीं. तीच वही मंडळवार लावलेली असती, एका मंडळाचा एक महिना एका पानावर, तर चाळीस पानांत काम उरकलें असतें. परंतु उलटहि तितकेंच खरें आहे. अमुक तारखेस तालुक्यांत कोठें कोठें पाऊस झाला, असें कोणी विचारलें असतें, तर माझीच मांडणी योग्य ठरली असती. तात्पर्य, मांडणी चांगली कीं वाईट हें येणाऱ्या विचारणेवर ठरतें. या पाठाचा मुख्य सिद्धांत तो हाच.

ओझें किती वाढलें

महाराष्ट्रांत २०१७ सालीं सुरू झालेल्या महावेध प्रकल्पानें महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं केलीं. त्यांची संख्या दोन हजारांवर आहे. अशा २,००० केंद्रांपैकीं प्रत्येकानें दर दहा मिनिटांस पावसाची एक नोंद केली असें धरूं. दिवसास एका केंद्राच्या १४४ नोंदी होतात, सर्वांच्या मिळून २,८८,०००, आणि वर्षाच्या १०,५१,२०,०००. ही केवळ पावसाची गोष्ट झाली. उष्णता, आर्द्रता व वारा हीं निराळींच. फळपिकांच्या हवामानावर आधारलेल्या विम्यांत भरपाई ठरते ती केंद्राच्या नोंदींवरून. तेव्हां या आंकड्यांशीं आपला संबंध किती जवळचा आहे, हें सांगणें नलगे. हळदीचे वायदे ज्या मुंबईच्या बाजारांत होतात, तो एनसीडीईएक्स २००३ च्या डिसेंबरांत सुरू झाला. तेथील प्रत्येक सौदाहि अशीच एक वेळेची नोंद असते.

या विद्येचें माहेरघर मात्र हवामानखातें नव्हे, तर न्यूयॉर्क व लंडन येथील रोखेबाजार होत. तेथें एका दिवसांत कोट्यवधि सौदे व भाव येतात, आणि उत्तरास क्षणाचा विलंब झाला तरी पैसा बुडतो. त्या गरजेंतून जें भांडार निघालें, त्याचेंच उदाहरण आपण घेऊं. त्याचें नांव केडीबी प्लस. कॅनडांत जन्मलेले केनेथ आयव्हर्सन यांनीं गणिताची एक आटोपशीर लेखनपद्धति रचून १९६२ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तिजपासून एपीएल ही संगणकभाषा झाली, व आयव्हर्सन यांस १९७९ सालीं ट्युरिंग पारितोषिक मिळालें. त्याच परंपरेंतील आर्थर व्हिटनी यांनीं के नांवाची भाषा केली, आणि १९९३ सालीं केएक्स सिस्टिम्स ही पेढी स्थापन झाली. १९९८ सालीं केडीबी व २००३ सालीं केडीबी प्लस हें भांडार, त्याची क्यू ही भाषा घेऊन, बाहेर आलें.

माझा पुतण्या मुंबईस एका पेढींत याच कामावर आहे. सेवानिवृत्त झाल्यावर मीं हें त्याच्याकडून शिकलों. पावसाच्या वहीची हकीकत त्यास सांगितली तेव्हां तो म्हणाला, "काका, तुम्हीं लिहिण्याची वही आणि शोधण्याची वही एकच ठेविली होती." या एका वाक्यांत पुढील विवेचन सांठलेलें आहे.

लिहिण्याची वही व शोधण्याची वही

केडीबी प्लसच्या रूढ व्यवस्थेंत तीन कामकरी असतात. पहिला टिकरप्लांट. हा दारावरील जावक-आवक कारकून समजावा. जी नोंद येईल ती तो प्रथम आपल्या रोजकीर्दीच्या फाइलींत आल्या क्रमानें लिहितो, आणि ज्यांस हवी त्यांस पुढें देतो. स्वतः कोणतीहि बेरीज करीत नाहीं. दुसरा कामकरी आजच्या नोंदी संगणकाच्या स्मृतींत घेऊन बसतो. त्यास आरडीबी म्हणतात. वीज गेली किंवा तो बंद पडला, तर रोजकीर्द पहिल्यापासून वाचून तो पुनः आपली जागा भरून काढतो. तिसरा एचडीबी, म्हणजे जुन्या दिवसांचें दप्तर. दिवस संपला कीं आजच्या नोंदी नांवानुसार व नांवांत वेळेनुसार लावून डिस्कवर लिहितात, आणि त्या तारखेचा एक स्वतंत्र रुमाल बांधला जातो.

म्हणजे दिवसभर रोजकीर्द व रात्रीं खतावणी. लिहितांना वेळेचा क्रम सोयीचा, शोधतांना नांवाचा क्रम सोयीचा. दोन्ही सोयी साधावयाच्या तर मध्यें एकदां मांडणी बदलावी लागते. ती रात्रीं, काम थंड असतां बदलावी, यांत सर्व युक्ति आहे.

रकान्यांचें दप्तर

आपल्या नोंदवहींत एका ओळींत तारीख, नांव, भाव, वजन हें सर्व असतें. सामान्य भांडारांतहि एक ओळ सलग ठेवितात. केडीबी प्लसमध्यें मात्र तारखेच्या रुमालांत प्रत्येक रकान्याची फाइल निराळी असते. ज्यास केवळ भाव हवा, त्यानें वजनाच्या फाइलीस हात लावावयाचा नाहीं.

याचा लाभ किती, तो हिशेबानें पाहूं. आंकडे समजण्यासाठीं कल्पिले आहेत. दिवसास १ कोटि ओळी, प्रत्येकींत १० रकाने, व प्रत्येक रकान्यास ८ बाइट जागा धरली, तर एका दिवसास ८० कोटि बाइट होतात. वर्षांत बाजाराचे २५० दिवस; एकूण २०,००० कोटि. आतां विचारणा अशी आहे कीं, एका तारखेस एका मालाचा भाव वेळेनुसार द्या. तारखेचा रुमाल निवडतांच ८० कोटि उरले. भाव व वेळ हे दोनच रकाने घेतले, तर १६ कोटि. बाजारांत २,००० नांवें असून ओळी नांवानुसार लावलेल्या असल्या, तर सरासरी ५,००० ओळी एका नांवाच्या. त्यांचे दोन रकाने मिळून ८०,००० बाइट. वीस हजार कोटींवरून ऐशी हजारांवर आलों, म्हणजे पंचवीस लाखांपैकीं एकच भाग वाचावा लागला. यंत्र नवें घेतलें नाहीं. केवळ नको तें न वाचण्याची सोय केली.

चार खुणा

ओळी क्रमानें लावल्या, पण तसें लावल्याचें यंत्रास सांगितलें नाहीं, तर तें पहिल्या ओळीपासून शोधीत बसतें. म्हणून रकान्यावर खूण करण्याची रीत आहे.

पहिली खूण क्रमाची. रकाना चढत्या क्रमानें आहे असें कळलें, कीं यंत्र मधली नोंद पाहून अर्धा भाग टाकून देतें, उरलेल्याचा पुनः अर्धा. या रीतीनें १ कोटि नोंदींत हवी ती नोंद अदमासें २४ तुलनांत सांपडते. दुसरी खूण एकमेवतेची. एकहि किंमत दोनदां नसेल तेथें ती करावी. तिसरी विभागाची, एका नांवाच्या सर्व ओळी एकत्र आहेत असें ती सांगते. डिस्कवरील जुन्या दप्तरास हीच हवी. चौथी गटाची, ओळी विखुरलेल्या असल्या, तरी कोणतें नांव कोणकोणत्या ओळींत आहे याची यादी ती बाळगते. नवी ओळ जोडली तरी ही यादी चालू राहते, म्हणून ती आजच्या नोंदींस योग्य. परंतु यादीस स्मृतींत जागा लागते, हें विसरूं नये.

येथें नवशिक्याची एक नेहमींची फसगत होते. क्रमाची खूण असलेल्या रकान्यांत उशीरां आलेली जुनी नोंद शेवटीं जोडली, कीं खूण मुकाट्यानें गळून पडते. उत्तर बरोबरच येतें, पण काल क्षणांत मिळणारें उत्तर आज घटका घेतें. म्हणून उशिराच्या नोंदी निराळ्या ठेवाव्या, नंतर त्या दिवसाचा रुमाल सोडून सर्व पुनः क्रमानें लावावें, व खूण आहे ना, हें स्वतः पाहावें.

भाषेचा स्वभाव

क्यू भाषा आटोपशीर आहे, आणि तिचा पहिला नियम आपल्या शाळेंतील गणिताशीं जुळत नाहीं. तींत गुणाकारास बेरजेपेक्षां मान नाहीं. सर्व उजवीकडून डावीकडे सोडवावयाचें. दोन गुणिले तीन अधिक चार यांचें उत्तर शाळेंत १० येईल. क्यूमध्यें प्रथम तीन अधिक चार सात, व त्यांची दुप्पट १४. कंस घालावयास विसरलें तर यंत्र तक्रार करीत नाहीं, चुकीचा आंकडा मात्र देतें. हिशेबी माणसानें हा नियम पहिल्या दिवशींच पाठ करावा.

दुसरा स्वभाव अधिक महत्त्वाचा. क्यू एका आंकड्याचा विचार करीत नाहीं, सबंध रकान्याचा करते. भावाच्या रकान्यास वजनाच्या रकान्यानें गुणा, एवढें म्हटलें कीं कोटि ओळींचा गुणाकार एका आज्ञेंत होतो. दुसऱ्या भाषेंतून आलेला मनुष्य एक ओळ घे, गुण, ठेव, पुढची घे, असें लिहितो. प्रत्येक कागदागणिक शिपायास हांक मारून वरच्या मजल्यावर पाठविण्यासारखेंच तें आहे. शिपाई आळशी नसतो. जिने चढण्यांतच दिवस जातो.

विचारणेचा क्रम

विचारणेंत अटी कोणत्या क्रमानें लिहाव्या, यावर वेगाचा मोठा भाग अवलंबून आहे. अटी स्वल्पविरामानें वेगळ्या केल्या, कीं पहिल्या अटींतून जेवढ्या ओळी उरतात तेवढ्यांवरच दुसरी चालते. म्हणून प्रथम तारीख, मग नांव, आणि त्यानंतर भाव, वजन वगैरे. तारीख शेवटीं लिहिली तर सर्व वर्षांचे रुमाल सोडावे लागतात. तसेंच प्रत्येक अट कंसांत घालून स्वल्पविरामाच्या जागीं अँड हा शब्द घातला, तर उत्तर तेंच येतें. पण दोन्ही अटी सर्व ओळींवर तपासल्या जातात, आणि श्रम वायां जातात. आमच्या कचेरींत गांव न विचारतां सर्व तालुक्यांत खातेदाराचें नांव शोधूं पाहणारा उमेदवार असे. त्याचीच ही जात.

नांवांविषयीं एक सावधगिरी

हळद, कापूस यांसारखीं पुनः पुनः येणारीं नांवें यंत्र एकदांच एका यादींत लिहितें, व तक्त्यांत त्यांचा क्रमांक ठेवितें. त्यामुळें जागा वांचते व तुलना जलद होते. परंतु पावतीचा क्रमांक किंवा शेरा, जो प्रत्येक ओळींत निराळाच असतो, तो या यादींत घालूं नये. यादी फुगत जाते, आणि एकदां घेतलेलें नांव चालू कामांत परत काढतां येत नाहीं. दुसरें, ही यादी हरवली तर तक्त्यांत नुसते क्रमांक उरतात, आणि कोणता क्रमांक कोणाचा हें सांगणारा कोणी राहात नाहीं. ज्या कचेरींतील खातेदारांची सूची गहाळ झाली आहे, तिची दशा आठवावी. म्हणून तिची प्रत रोज निराळ्या जागीं ठेवावी.

त्या घटकेचा भाव

कालमालिकेंतील सर्वांत उपयोगी विचारणा म्हणजे, अमुक घटना घडली त्या वेळीं चालू भाव काय होता. समजा, हळदीचा सौदा ११ वाजून ७ मिनिटांनीं झाला. फळ्यावरील भाव १०-५८ ला व मग ११-१० ला बदलला. सौद्याच्या वेळेची भावाची नोंदच नाहीं. तेव्हां त्यापूर्वींची शेवटची, म्हणजे १०-५८ ची, घ्यावयाची. यासाठीं क्यूमध्यें एजे नांवाची स्वतंत्र जोडणी आहे. वेग हवा तर भावाचा तक्ता नांवानुसार व नांवांत वेळेनुसार लावलेला असून त्यावर खूण हवी. त्या तक्त्यास तारखेखेरीज दुसरी चाळणी लावूं नये. नाहींतर खूण गळते व जोडणी मंदावते.

वेळ चुकीची जोडली तर दोष वेगाचा राहात नाहीं, सत्याचा होतो. ११-१० चा भाव ११-०७ च्या सौद्यास लावणें म्हणजे उद्यांचें वर्तमानपत्र आज वाचून सौदा केल्याचा हिशेब होय. कागदावर नफा दिसतो, हातीं कांहीं येत नाहीं.

वेळेच्या नोंदीचाहि एक नियम आहे. केडीबी प्लसमध्यें तारीख म्हणजे १ जानेवारी २००० पासून गेलेल्या दिवसांची संख्या. आणि वेळ सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागापर्यंत लिहितां येते. पण दिवस कोणता धरावा, हें यंत्र ठरवीत नाहीं. आपला पावसाचा दिवस सकाळीं ८-३० ला संपतो. जागतिक प्रमाणवेळेनें तेव्हां ३ वाजलेले असतात. दोन पद्धति एका तक्त्यांत मिसळल्या, तर पहांटेचा पाऊस भलत्याच दिवसाच्या खात्यावर पडतो. म्हणून भांडारांत एकच प्रमाणवेळ ठेवावी, आणि दिवस कोठें संपतो तें तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवावें.

मोजावें, मग सुधारावें

वेग वाढविण्यास निघालेल्या पुष्कळांची पहिली मागणी मोठ्या यंत्राची असते. विहिरीचें पाणी पुरत नाहीं म्हणून मोठा पंप आणावा, आणि पाट मात्र ठिकठिकाणीं फुटलेला असावा, तसें हें आहे. उलटी तिरकी रेघ व टी हें अक्षर आज्ञेपुढें लिहिलें कीं किती वेळ लागला तें कळतें. टीपुढें एस जोडला कीं स्मृति किती लागली तेंहि कळतें. एकाच मापावर विसंबूं नये. पहिल्या वेळीं नोंदी डिस्कवरून येतात. दुसऱ्या वेळीं त्या स्मृतींत तयार असतात व उत्तर झटकन् येतें. दोन्ही मापें लिहून ठेवावीं. एका वेळीं एकच बदल करावा, पुनः मोजावें, व लाभ न झाला तर बदल मागें घ्यावा. खताचा प्रयोग करतांना आपण शेजारीं एक वाफा बिनखताचा ठेवितों, तीच ही शिस्त.

काम अनेक हातांस वांटण्याचीहि सोय आहे. पण लहान कामास दहा मजूर लाविले, तर वांटून देण्यांतच दिवस सरतो. ती सोय मोठ्या, एकमेकांवर न अडणाऱ्या कामासाठीं राखावी. टिकरप्लांटकडून नोंदी घेणारा एखादा कामकरी मंद असला, तर त्याच्या वांट्याच्या नोंदी टिकरप्लांटच्या स्मृतींत तुंबतात, व शेवटीं सर्वांचेंच काम अडतें. मंद गिऱ्हाइकासाठीं मध्यें दुसरा टिकरप्लांट बसवून त्याचें ओझें पहिल्यावरून काढावें.

आपण काय घ्यावें

सामान्य शेतकऱ्यानें हें भांडार विकत घ्यावें असें माझें सांगणें नाहीं. तें मोठ्या पेढ्यांचें अवजार आहे. परंतु ज्याच्या बागेंत ओलावा मोजणारें यंत्र आहे, ज्या संस्थेंत दुधाचें माप दोन वेळां लिहिलें जातें, किंवा ज्याचा मुलगा संगणकावर शेतीचा जमाखर्च ठेवितो, त्यानें तीन प्रश्न आधीं स्वतःस विचारावे. या नोंदींतून मला पुढें काय विचारावें लागेल? ती विचारणा नांवानें येईल कीं तारखेनें? आणि ती आली तर किती पानें उलटावीं लागतील? उत्तर पुष्कळ पानें असें आलें, तर लिहिण्याची वही तशीच चालूं द्यावी, पण महिन्याच्या अखेरीस शोधण्याची वही निराळी उतरून घ्यावी.

ते गृहस्थ मला पुनः भेटले नाहींत. त्यांच्या प्रश्नास त्या वेळीं मीं "होय, नोंद होती" असें उत्तर दिलें होतें. आज मी तसें म्हणणार नाहीं. मुदतींत जी सांपडत नाहीं, ती नोंद मागणाऱ्याच्या दृष्टीनें नसल्यासारखीच होय. वाचकांनीं आपल्या घरची पावसाची किंवा दुधाची वही या दृष्टीनें एकदां उघडून पाहावी, एवढीच विनंति करून हा पाठ पुरा करतों.